जाळीवाल्यांची टाकी

डासांविषयी जाळीवाल्यांची मतं पक्की होती आणि त्यांतली बहुतेक चुकीची होती. पण ज्या गोष्टीवर माणूस पोट भरतो, त्या गोष्टीत त्याची परीक्षा घ्यायला कुणी जात नाही. त्याला माहीत असणारच, असं जग धरून चालतं. जाळीवालेही आपल्याबद्दल तेच धरून चालले होते, आणि आयुष्याची बरीच वर्षं त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

ते सुती मच्छरदाण्या शिवत. रस्त्याला लागून दुकान, त्यात शिलाई मशीन आणि कापायचं लांब टेबल. दुकानाच्या मागे एक अंधारी खोली. आणि त्या खोलीच्या मागे घर. रस्त्याकडून घरात शिरायचं तर त्या खोलीतूनच. मच्छरदाण्या आता तयार मिळतात. पिशवीतून काढली की तंबूसारखी फाडकन उघडते, आणि मग घरातली सगळी माणसं मिळूनही ती परत पिशवीत जात नाही. त्यामुळे जाळीवाल्यांकडे येत ती अडलेली गिऱ्हाइकं. कुणाचा आजोबांच्या काळचा पलंग अवाढव्य, कुणाची खाट भिंतीच्या खोबणीत, कुणाचं अंग नायलॉननं खाजतं, कुणाला पाळण्यासाठी गोल हवी. जाळीवाले गळ्यात टेप टाकून मापाला जात आणि पलंगाकडे अशा नजरेनं बघत, की घरातल्यांना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. पण त्यांची मच्छरदाणी चारी कोपऱ्यांत सरळ उतरायची, गादीखाली वीतभर खोचली जायची आणि वर्षानुवर्षं धुतली तरी आखूड व्हायची नाही.

याचं कारण त्या अंधाऱ्या खोलीत होतं. तिथे सिमेंटची टाकी होती, कमरेइतकी उंच, वर लाकडी फळ्या. सुती जाळीचं थान गिरणीतून येतं तेव्हा खळीनं ताठ असतं. तसंच कापून शिवलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि झोपणाऱ्याचे पाय उघडे पडतात. म्हणून थान आधी टाकीत भिजत घालायचं, खळ सुटू द्यायची, जाळीला आटायचं तेवढं आटू द्यायचं, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. इतपत कुठलाही शिंपी करील. जाळीवाल्यांच्या वडिलांनी त्यात पदरची भर घातली होती. टाकीतलं पाणी ते कधी बदलत नसत. कमी झालं की वरून घालायचं, बस्स. “नव्या पाण्यात जाळी दचकते,” ते म्हणत, “मुरलेल्या पाण्यात समजून-उमजून आटते.” हे खरं की खोटं ते कुणी तपासलं नव्हतं. वाक्य वडिलांचं होतं आणि जाळ्या आखूड होत नव्हत्या. जाळीवाल्यांना एवढा पुरावा पुरला. खळ तळाला बसे, वरचं पाणी नितळ राही. फळी उचलली की त्यात सुताचे बारीक बारीक तुकडे दिसत, आणि माणसाची सावली पडली की वळवळत खाली जात. वडील सांगत, चांगलं सूत असंच असतं, जिवंत.

जाळीवाल्यांची बायको मुलगी लहान असतानाच हृदयाच्या दुखण्यानं गेली. मग त्यांची थोरली बहीण, नवऱ्याशी भांडून चार दिवसांसाठी आलेली, कायमची राहिली. जाळीवाले तिला अक्का म्हणत, मुलगी आत्या म्हणे. मुलीला मात्र अख्खी गल्ली सुई म्हणायची. एक तर ती बारीक होती. शिवाय तिचं बोलणं टोचायचं, आणि टोचलंय हे माणसाला चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं.

कॉलेज संपता संपता सुईला डेंग्यू झाला. बरी झाली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी जाळीवाल्यांना बाजूला घेतलं. “या तापाचे वेगवेगळे प्रकार आहेत,” त्या म्हणाल्या. “जो होऊन गेला तो सहसा परत होत नाही. पण दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो. सगळ्यांनाच जातो असं नाही. पण जपा. हिला डास चावू देऊ नका.”

यातलं शेवटचं वाक्य जाळीवाल्यांनी उचललं आणि घरी आणलं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही काम राहिलं नाही असं म्हटलं तरी चालेल. पोटासाठी लोकांच्या मच्छरदाण्या शिवायच्या आणि जिवासाठी आपल्या पोरीला डास चावू द्यायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घराच्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. झरोक्यांना ठोकल्या, मोरीच्या भोकाला ठोकली. मागच्या दाराला जाळीचं दार आलं, दुकानाच्या दाराला दुसरं, दुकान आणि अंधारी खोली यांच्यामध्ये तिसरं. ती दारं स्प्रिंगची होती आणि जाणाऱ्याच्या टाचेवर आपटत.

“बाबा, आपण राहतोय की आपल्याला ठेवलंय?” सुईनं विचारलं.

“राहतोय. गप जेव.”

ताटात लसणाच्या पाकळ्या होत्या. ही आत्याची मात्रा. आत्याच्या मते सुईचं रक्त गोड होतं, आईवर गेलं होतं, आणि लसणानं ते उतरवायला हवं होतं.

“आत्या, डासाला चावायच्या आधी कसं कळणार गोड आहे ते?”

“त्याला कळतं.”

“श्वासाचा वास कळतो त्याला. घामाचा, अंगाच्या उबेचा. त्यावर येतो तो. लसूण खाऊन फक्त दुकानातली गिऱ्हाइकं पळतायत माझी.”

“मग मला कसा चावत नाही? शेजारी शेजारी झोपतो आपण.”

“चावतो. तुला गांधी उठत नाही एवढंच. तुला कुणी काही बोललं तरी कुठे उठते?”

आत्या हे कौतुक समजली.

सुई तेव्हा चष्म्याच्या दुकानात लागली होती. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, म्हाताऱ्यांच्या कानामागे काड्या बसतील अशा वाकवून द्यायच्या. ती पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घालायची आणि बाहेर पडताना हातापायांना, मानेला डासांचं मलम लावायची. दुकानात टेबलाखाली पंखा ठेवायची, पायांवर वारा येईल असा. “डास उडण्यात कच्चा असतो,” ती सांगायची, “वाऱ्यात त्याला टिकता येत नाही.” जाळीवाल्यांचा या तिन्ही गोष्टींवर विश्वास नव्हता. मलम तेलकट, पंखा उगाचचा आणि कपड्यांचा डासाशी काय संबंध! त्यांचा विश्वास शेजारच्या न्हाव्यावर होता.

न्हाव्याचा धंदाच असा, की त्याला सगळ्यातलं सगळं माहीत असावं लागतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, त्यामुळे ते खोडलंही जात नाही. त्याच्या सांगण्यावरून जाळीवाल्यांनी लिंबं कापून त्यांत लवंगा खोचल्या आणि घरभर ठेवल्या. डासांचं माहीत नाही, मुंग्या आल्या. मग भिंतीत खोचायचं एक यंत्र आलं; त्यातून म्हणे माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि डास घर सोडून जातो. सुई त्या यंत्राखाली उभी राहिली आणि आपल्या हातावर बसलेला डास तिनं त्याच्याच समोर मारला.

“बहिरा असेल,” जाळीवाले म्हणाले.

मग निळ्या दिव्याचा पिंजरा. त्यात रोज सकाळी मेलेल्या पाखरांचा ढीग दिसे आणि जाळीवाले तो वाटीत काढून सगळ्यांना दाखवत.

“यात डास कुठेत, बाबा? हे पतंग आहेत. डास दिव्याला भुलत नाही, माणसाला भुलतो.”

“चावते ती मादी बरं का,” जाळीच्या दारातून न्हावी म्हणाला. “नर बिचारा फुलांतला रस पिऊन राहतो. तुझ्या बापासारखा.”

“काका, आज पहिल्यांदा बरोबर बोललात. दुकान बंद करा आता, यावर कळस नाही.”

दिवस असे हसण्या-बोलण्यात जात होते, नाही म्हणायला. पण जाळीवाले त्या हसण्यात पूर्ण उतरत नसत. मुलगी हसत असली तरी त्यांची नजर तिच्या मनगटावर, घोट्यावर असे. ठिपका दिसला की ते हात धरत, चष्मा वर करून बघत. घामोळं असे, मशीनचं तेल असे, एकदा तर लाल पेनाची शाई होती.

धुरावरून मात्र भांडण झालं. संध्याकाळी जाळीवाले सुईच्या खोलीत डास पळवणाऱ्या अगरबत्तीची वळी पेटवून ठेवत, एक नाही, दोन. खोली धुरानं भरे. सुईला खोकला लागला, तो जाईना. एका रविवारी सकाळी चहा घेताना तिनं कप खाली ठेवला.

“उद्यापासून माझ्या खोलीत वळी लावायची नाही.”

“लागणार.”

“मग त्या टाकीचं काय? साठलेलं पाणी आहे ते. घरातल्या साठलेल्या पाण्यातच होतात हे डास. गटारात नाही होत.”

जाळीवाल्यांनी आयुष्यात ऐकलेलं हे सर्वांत विचित्र वाक्य होतं. डास गटारात होतात, झुडपांत होतात, दुसऱ्यांच्या घरात होतात. “टाकीला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “माझ्या बापाचं पाणी आहे ते. त्यावर घर चाललंय. तू शिकलीस त्या पाण्यावर.”

“झाकण तरी नीट बसवा. फळ्यांमधून बोट जातं.”

“सुये!”

ती थांबली. रोज रोज प्रत्येक गोष्टीवर भांडायचं म्हणजे माणूस थकतो. आपण कुठली लढाई सोडायची ते मग निवडतो. तिनं थोडा विचार केला आणि हात पुढे केला.

“ठरवून टाकू. मी टाकीबद्दल बोलायचं नाही, तुम्ही माझ्या खोलीत धूर करायचा नाही.”

“ठरलं.”

त्यांनी तिच्या हातावर टाळी दिली. दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो.

दोघांनीही शब्द पाळला. हे या घराचं वैशिष्ट्य होतं.

त्या वर्षी गल्लीतून पाणी तपासणारी बाई फिरू लागली. पालिकेची. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, घरोघर जाऊन पिंप, कुंड्यांच्या बशा, फुलदाण्या बघायची. जाळीवाल्यांच्या दारात आली तेव्हा ते मशीनवर होते.

“काका, पाणी साठवलंय का कुठे?”

“पाटी वाचा वर,” जाळीवाले म्हणाले. “मच्छरदाण्या शिवतो आम्ही. आमच्याकडे डास शोधणार तुम्ही?”

तिलाही ते पटलं, किंवा उन्हात फिरून ती दमली होती. हसली. “खरंच की. तुमच्याकडे काय बघायचं!” दाराच्या चौकटीवर तिनं खडूनं खूण केली, म्हणजे हे घर झालं, आणि न्हाव्याकडे वळली. न्हाव्याची बादली तिनं रस्त्यावर उपडी केली आणि त्याला चार शब्द ऐकवले. पुढच्या फेरीला तर ती जाळीवाल्यांकडे थांबलीही नाही. लांबूनच हात हलवून खूण करून गेली. त्या खुणेचा त्यांना अभिमान होता. त्यांनी ती पुसू दिली नाही.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकानं दुसऱ्या शहरात मोठं दुकान काढलं आणि सुईला विचारलं: तिथलं काम बघशील का? काचांचं नवीन यंत्र येणार होतं, हाताखाली माणसं असणार होती. ती घरी आली ती धावत जिना चढल्यासारखी धापा टाकत, आणि कधी नव्हे इतकी खूश. जाळीवाल्यांनी ऐकून घेतलं.

“तिथे कोण बघणार तुला?”

“मी बघेन. मला डोळे आहेत, चष्माही आहे.”

“भाड्याची खोली. खिडक्या उघड्या. कसलं पाणी, कसली माणसं. इथे घर जाळीत आहे, बाळा. इथे तुला काही होणार नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठव.”

आत्या रडली. जाळीवाले रडले नाहीत, जेवले नाहीत फक्त. सुईनं मालकाला नाही म्हणून सांगितलं. घरात त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. ती गेली असती तर, असा विचार जाळीवाले पुढे रोज करणार होते. पण तेव्हा त्यांना शांत वाटलं आणि त्या दिवशी त्यांनी तिच्या पलंगासाठी नवी मच्छरदाणी शिवायला घेतली. सगळ्यांत बारीक जाळी, चारी बाजूंना दुहेरी पट्टी. थान मुरलेल्या पाण्यात घातलं.

ती मच्छरदाणी अंधार पडला की सोडली जायची आणि उजाडलं की वर बांधली जायची. दिवसा मच्छरदाणीत झोपणं जाळीवाल्यांच्या लेखी आजाऱ्याचं किंवा आळशाचं लक्षण होतं. डास रात्रीचा, मच्छरदाणी रात्रीची. सुट्टीच्या दिवशी दुपारी सुई झोपायची ती अंधाऱ्या खोलीत. घरातली तीच एक थंड जागा. टाकीमुळे फरशी गार असे. कापलेल्या जाळ्यांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून, पाय टाकीच्या भिंतीला लावून ती वाचत पडे आणि वाचता वाचता तिचा डोळा लागे. मलम तिनं बाहेरून आल्या आल्या धुतलेलं असे. आत्याला वास सोसत नव्हता, आणि घरात कशाला हवं? दिवसा चावणारे डास असतात हे तिला माहीत होतं. तिनंच ते दुकानात सगळ्यांना सांगितलं होतं. पण टाकीचं बोलणं सुटलं तशी टाकी तिच्या मनातूनही सुटली होती, आणि तीन तीन दारांच्या आत ते येणार कुठून?

ते बाहेरून आलेच नाहीत. आत जन्मले, घरी आलेल्या कुणाच्या तरी अंगातला ताप त्यांनी उचलला, आणि जाळीवाल्यांच्या जाळ्यांनी आपलं काम चोख केलं. एकालाही बाहेर जाऊ दिलं नाही.

ताप आला तेव्हा जाळीवाले प्रथम चष्म्याच्या दुकानावर घसरले, मग गटारावर, मग न्हाव्यावर. “तुझी ती बादली!” रस्त्यावर उभं राहून ते ओरडले. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूस होता. न्हावी वस्तरा हातात धरून दारात आला. “बादली मी रोज पालथी घालतो, दादा,” तो एवढंच म्हणाला, “त्या बाईनं झापल्यापासून.”

सुईला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. डोळ्यांच्या मागे दुखत होतं, हाडं दुखत होती. रक्त तपासलं, पुन्हा डेंग्यूच. डॉक्टरीणबाई त्याच होत्या, केस पांढरे झालेले. त्यांनी जुनं सगळं विचारलं आणि पहिल्या तापाची नोंद कागदावर लिहून तिच्याखाली रेघ ओढली. पेशंट निघाला की पालिका त्या घरी येते, तशी पाणी तपासणारी बाई आली. या वेळी तिनं पाटी वाचली नाही.

“सगळं बघावं लागेल, काका.”

कुंडी नव्हती, फुलदाणी नव्हती. लिंबांच्या वाळलेल्या फोडी तिनं बघितल्या आणि सोडल्या. अंधाऱ्या खोलीत येऊन तिनं फळी उचलली आणि टॉर्च मारला. मग पिशवीतून लांब दांड्याचा पांढरा डाव काढला, कडेनं पाण्यात बुडवला आणि जाळीवाल्यांच्या समोर धरला. डावात सुताचे तुकडे वळवळत होते.

“सूत आहे ते,” जाळीवाले म्हणाले.

“काका.”

“सूत आहे. चांगलं सूत असंच असतं. माझे वडील—”

“याला डोकं आहे, काका. बघा. हे शेपटीकडून श्वास घेतंय. आणि हा जो गोळा झालाय, हा उद्या-परवा उडेल.”

जाळीवाल्यांनी चष्मा वर केला. तो चष्मा सुईनंच करून दिला होता. जवळचं बारीक काम दिसावं म्हणून काच मुद्दाम तशी घासली होती. त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. डोकं दिसलं, शेपूट दिसली. लहानपणापासून ते हे बघत आले होते.

“नुसतं पाणी सोडून भागणार नाही,” ती बाई सांगत होती. “कडा घासून काढा. अंडी भिंतीला चिकटलेली असतात, पाण्याच्या वर. कोरडी झाली तरी मरत नाहीत, पाणी आलं की पुन्हा...” ती मध्येच थांबली. कुणाला सांगतोय हे तिच्या लक्षात आलं असावं. जाताना ती दाराशी घुटमळली. चौकटीवर तिची खडूची खूण होती. तिनं ओढणीच्या टोकानं ती पुसली. “माझंही चुकलं,” ती म्हणाली. जाळीवाल्यांना ते ऐकू आलं नाही.

दवाखान्यात ते गेले तेव्हा सुई जागी होती. तिच्या पलंगाला दवाखान्याची नायलॉनची मच्छरदाणी होती. एक कोपरा लोंबत होता. जाळीवाल्यांनी तो आधी नीट बांधला.

“सापडलं का काही घरी?” तिनं विचारलं.

जाळीवाल्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. “टाकी,” ते म्हणाले.

सुईनं डोळे मिटून घेतले. ते वाट बघत बसले. तिनं टोचून काहीतरी बोलावं अशी त्यांची फार इच्छा होती. तिला ते जमायचं.

“आपलं ठरलं होतं ना,” ती म्हणाली. “म्हणून मी परत बोलले नाही. बोलायला हवं होतं.”

“तू कशाला... माझं...”

“धूर बंद केलात तुम्ही, पण. पहिल्यांदा काहीतरी ऐकलंत.” ती थोडी हसली. “दिवसाही सोडायला सांगा हो लोकांना मच्छरदाणी. तुमचं ऐकतात.”

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आत्यानं थर्मामीटर वॉर्डभर फिरवून दाखवला. न्हावी डबा घेऊन आला होता, त्यानं जाळीवाल्यांना मिठी मारली. जाळीवाले डॉक्टरीणबाईंकडे धावत गेले, “उतरला!” म्हणाले. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“या तापात खरा धोका तो उतरल्यावरच असतो,” त्या म्हणाल्या. “पोटात दुखतंय का विचारा. हातपाय गार पडतायत का बघा.”

हातपाय गार होते. आत्या त्यांना ऊब यावी म्हणून चोळत होती, आणि ताप गेला म्हणून देवाचे आभार मानत होती. मग नर्स धावल्या, पडदा ओढला गेला, पलंगाची मच्छरदाणी घाईघाईनं वर फेकली गेली. जाळीवाल्यांना बाहेर उभं केलं. सुई त्याच दुपारी गेली. लख्ख उजेडात.

टाकी त्यांनी स्वतः रिकामी केली. कडा घासल्या, ब्रशनं, मग विटेच्या तुकड्यानं, मग नुसत्या हातानं. आत्यानं ओढून बाहेर काढलं तेव्हा त्यांची बोटं सोलली होती. पुढे त्यांनी गवंडी बोलावून ती फोडली. फरशीवर चौकोनी डाग राहिला आहे. खिडक्यांच्या जाळ्या तशाच आहेत. त्या काढायचं कुणाला सुचलं नाही. दारं अजून टाचेवर आपटतात.

भिजवायला बादली घ्या, रोज पाणी बदला, असं न्हाव्यानं सुचवून बघितलं. जाळीवाले मान हलवतात आणि थान आलं की कोरडंच कापतात. पाण्याजवळ त्यांचा हात जात नाही. त्यामुळे त्यांच्या मच्छरदाण्या आता पहिल्या धुण्यात आटतात. गिऱ्हाइकं परत येतात, तक्रार घेऊन.

परवा एक तरुण बाई आली. कडेवर मूल, काखेत मच्छरदाणी.

“काका, तुमचं नाव ऐकून आले होते. बघा काय झालंय. बाळाचे पाय बाहेर येतात.”

जाळीवाल्यांनी जाळी टेबलावर पसरली, टेप लावला. “आटली,” ते म्हणाले. “खालून पट्टी जोडून देतो.”

ती स्टुलावर बसली. मशीन चालू झालं. बाळ झोपेला आलं होतं, पेंगत होतं. बाहेर कडक ऊन होतं. जाळीवाले थांबले.

“दिवसा सोडता का ही, बाळ झोपलं की?”

“दिवसा कशाला? डास काय दिवसा चावतात?”

“दिवसाच चावतात. ते जे डेंग्यूचे असतात, ते. सकाळी, आणि ऊन कलतं तेव्हा जास्त. घरातच होतात, स्वच्छ पाण्यात. गटारातले नाहीत ते. आठवड्याला एकदा तरी पिंप कोरडं करून घासत जा, कडा घासायच्या, आणि झाकण घट्ट...”

ते एवढं सलग कुणाशी बोलले नव्हते. बाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग ती मनापासून हसली.

“तुम्ही तसं सांगणारच हो, काका! तुमचा धंदाच मच्छरदाण्यांचा.”

जाळीवाल्यांनी मान खाली घातली, सुईखाली पट्टी सरकवली आणि उरलेली बाजू शिवून काढली. बाईनं जाळी घडी करून पिशवीत घातली. बाळ तिच्या खांद्यावर झोपून गेलं होतं, उघडे पाय खाली लोंबत. ती निघाली तेव्हा स्प्रिंगचं दार टाचेवर आपटू नये म्हणून जाळीवाल्यांनी ते हातानं धरून ठेवलं, आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी धरूनच उभे राहिले.